बेसबॉलची पाच बरी पुस्तकं आणि खिडकीजवळची खुर्ची

"एखादं चांगलं पुस्तक सुचवा" असं म्हणणाऱ्या माणसाला पुस्तक नको असतं. आपण आधीच वाचलेलं पुस्तक त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं. हे नदीन ओव्हरहोल्टला त्या जानेवारीत कळलं. पण कळलं तेव्हा उशीर झाला होता, कारण यादीखाली तिची सही होती.

वास्तविक यादी तिला कोणी मागितलीच नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हार्लन ग्रोव्हला येऊन तिला आठ महिने झाले होते. गाव नवऱ्याचं. नवरा डेल मालगाडीचा चालक. रेल्वेचा फोन आला की दीड तासात हजर व्हायचं, मग दोन दिवस, तीन दिवस पत्ता नाही, आणि परत आला की झोप. झोपलेल्या नवऱ्याशी बोलता येतं, नाही असं नाही, पण उत्तरं फार मोघम येतात. राहिली दहा महिन्यांची हॅटी. हॅटी बोलायला उत्सुक असे, पण तिचे विषय मर्यादित होते. एकदा बश्या पुसता पुसता नदीनने आठवून पाहिलं, की या आठवड्यात आपण मोठ्या माणसांशी एकूण किती वाक्यं बोललो. सतरा निघाली. त्यातली नऊ दुकानात हॅम कापून देणाऱ्या माणसाशी, आणि त्या नवांतली सहा "जरा पातळ" एवढीच.

नदीनला दोन गोष्टी येत होत्या. एक, काळजी करणं. यात तिचा हात धरणारं त्या अख्ख्या परगण्यात कोणी नव्हतं. हॅटी झोपली तर ती श्वास घेतेय ना म्हणून, आणि नाही झोपली तर का नाही झोपली म्हणून. दुसरी, बेसबॉलची पुस्तकं. कॉलेजात साहित्य शिकताना नेमलेल्या जाड पुस्तकांच्या आत ती बेसबॉलचं पुस्तक ठेवून वाचत असे. तेव्हा तिने ठरवलं, की गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर बेसबॉलच्या पाच बऱ्या पुस्तकांची यादी लावायची आणि खाली एक ओळ टाकायची: "या पुस्तकांवर गप्पा मारायला दर गुरुवारी सकाळी दहा वाजता पुढच्या खोलीत या. कॉफी मिळेल." पाच पुस्तकं हे निमित्त. तिला हवं होतं एक माणूस. एकच, पण उत्तर देणारं.

वेळ तर उत्तम होती. जानेवारीत हार्लन ग्रोव्हची माणसं अशी दिसतात, की घरातलं कोणी परगावी गेलंय आणि पत्र नाही. खेळ पानगळीत संपलेला असतो आणि एप्रिलपर्यंत पुन्हा सुरू होत नाही. शेतात मक्याचे खुंट, खुंटांवर बर्फ, आणि बर्फाकडे बघत उभे राहिलेले पुरुष. अशा माणसांना बेसबॉलचं पुस्तक म्हणजे तहानलेल्याला पाणीच, असं नदीनला वाटलं. तहानलेला माणूस पाण्यातही चूक काढू शकतो हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ग्रंथपाल मिसेस डॅकरमन म्हणाल्या, "कर की. पण पाचच हं. फळ्यावर पाचच बसतात. आणि हा अर्ज भर, तीन प्रतींत."

'सार्वजनिक शिफारस-अर्ज' असं वर छापलेलं होतं. याआधी तो एकाच गृहस्थांनी भरला होता, मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकांसाठी.

"मग पुढे काय झालं?" नदीनने विचारलं.

"चावल्या," मिसेस डॅकरमन म्हणाल्या. "सातव्या कलमाखाली सही कर."

"सातवं कलम काय आहे?"

"हे अजून कोणी विचारलेलं नाही," असं म्हणून त्यांनी पेन पुढे केलं, आणि नदीनने सही केली. शिकलेली माणसं न वाचता सही करतात ती संकोचाने. अडाणी माणूस निदान कोणाकडून तरी वाचून घेतो.

आता खरी अडचण सांगायला हवी. हार्लन ग्रोव्ह हे शिकागो आणि सेंट लुई यांच्या बरोब्बर मधे येतं. त्यामुळे निम्मं गाव शिकागोच्या संघाचं, म्हणजे निळं, आणि निम्मं सेंट लुईचं, म्हणजे लाल. लालनिळ्यांत लग्नं होतात, मुलंबाळं होतात, पण एका घरात दोन रेडिओ असतात. वाचनालयाच्या मंडळावर सहा सभासद, तीन आणि तीन. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीपुढे दोन माणसं चालतात, एक या टोपीचा, एक त्या टोपीचा. विषम आकडा या गावाला मानवत नाही. आणि नदीन होती वायव्य किनाऱ्यावरची. तिचा संघ अंतिम फेरी टीव्हीवर बघणाऱ्यांतला. गावाने तिच्याकडे कधी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. खरं म्हणजे कुठल्याच नजरेने पाहिलं नाही.

यादी लागली त्याच दिवशी शेजारच्या मिसेस व्हायोला प्रट कुंपणापाशी आल्या. सत्तरीच्या, एकट्या, लाल लोकरी टोपी कानांवर ओढलेली.

"अगं पोरी, पाच म्हणजे तीन आणि दोन झाली. तीन कोणाची?"

"तशी वाटणी नाही केली, मिसेस प्रट. पुस्तकं चांगली आहेत एवढंच पाहिलं."

"चांगली?" मिसेस प्रटनी टोपी कानावरून वर सारली. "ते कोणाच्या बाजूने?"

दुसऱ्या दिवशी वाचनालयासमोरचे न्हावी लेस्टर ग्रूबर गल्ला तसाच सोडून रस्ता ओलांडून आले. हे निळे. हातात कागद. "मिसेस ओव्हरहोल्ट, मी पाचही पुस्तकांच्या मागच्या सूच्या मोजल्या. शिकागो अठ्ठावन्न पानांवर, सेंट लुई एकसष्ट पानांवर. त्या तीन पानांचं काय करणार आहात?"

"वाचणार आहे," नदीन म्हणाली. ग्रूबरनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू गिऱ्हाईकाने अर्धंच डोकं भादरायला सांगितलं असावं.

प्रकरण मंडळापुढे गेलं. दोन तासांच्या बैठकीत तीन विरुद्ध तीन अशा मतांनी सात ठराव फेटाळले गेले. पैकी एक तर खिडकी बंद करण्याचा होता. अखेर ठरलं, की दोन पुस्तकं शिकागोची, दोन सेंट लुईची, आणि पाचवं असं, की ज्यात दोघांचंही नाव येत नाही. नदीनला आपल्या यादीतली दोन लाडकी पुस्तकं काढावी लागली. त्यातलं एक तर चेंडू टाकणाऱ्या एका पिचरच्या दुखऱ्या खांद्याबद्दल होतं आणि इतकं सुंदर होतं, की वाचून नदीनचा स्वतःचा खांदा आठवडाभर धरला होता. त्याऐवजी एका मैदानाच्या गवताची निगा राखणाऱ्या माळ्याचं पुस्तक आलं. माळी शिकागोचा, पण बायको सेंट लुईची, म्हणून दोन्ही बाजूंना चाललं.

पाचवं मात्र तिने स्वतःच्या मनाचं घातलं. त्याचं नाव 'वरची खोली, सप्टेंबरपर्यंत'. एका छोट्या गावात लहान संघांतून खेळणाऱ्या पोरांना उन्हाळ्यापुरतं घरात ठेवून घेणाऱ्या बाईने ते लिहिलं होतं. बावीस उन्हाळे तिने बावीस पोरांना अंडी तळून घातली; त्यातला एकही मोठ्या संघात पोचला नाही. दर सप्टेंबरात ती वरच्या खोलीतल्या चादरी काढते आणि पुढचं प्रकरण सुरू होतं. नदीनने ते चार वेळा वाचलं होतं. बेसबॉलवर याहून बरं पुस्तक नाही, असं तिचं मत होतं, आणि हे मत कोणीतरी खोडून काढावं यासाठी ती तडफडत होती.

पहिला गुरुवार आला. नदीनने हिरवा स्वेटर घातला, कारण ज्यावर हॅटीने काहीही सांडलेलं नाही असा तो एकच होता. तळघरातून वाचनालयाची कॉफीची टाकी वर आणली. ही टाकी तीस कपांची. त्याहून कमी पाणी घातलं तर तापतच नाही. ती हॅटीच्या हाताला लागू नये म्हणून टेबलाच्या पार टोकाला. हॅटीची बाबागाडी खोली तापवणाऱ्या गरम नळ्यांपासून चार फूट, दारातल्या वाऱ्यापासून सहा फूट. या सगळ्या मोजमापात तिच्यासाठी एकच जागा उरली, खिडकीजवळची खुर्ची.

दहा वाजले. सव्वादहा. खिडकीबाहेरून माणसं जात होती. नदीनचं लक्ष बारीक. तिला दिसलं, की माणसं खिडकीपाशी येताना चाल मंद करतात, आत नजर टाकतात आणि पुढे गेल्यावर पुन्हा भरभर चालायला लागतात. ग्रूबर दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांनी मान किंचित हलवली. नदीनने हात वर केला तेव्हा ते बर्फातून जवळजवळ पळाले.

अकरा वाजता तिने एकोणतीस कप कॉफी मागच्या दाराशी ओतली. त्या हिवाळ्यात वाचनालयामागचा बर्फ शेवटपर्यंत तपकिरी राहिला.

दुसऱ्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारी तेच. आणि गंमत अशी, की पुस्तकं मात्र पाचही बाहेर गेलेली. नावं नोंदवून माणसं वाट बघत होती. "इतकी मागणी तर शिकारीच्या परवान्यांना नसते," मिसेस डॅकरमन म्हणाल्या. वाचायला सगळं गाव, आणि बोलायला कोणी नाही. गुणाकार चांगला येऊन उत्तर शून्य यावं तसं नदीनला झालं.

त्यात काही गोष्टींचा उलगडा होत नव्हता. गुरुवारी सकाळी आठच्या आत तिच्या दारापासून कोपऱ्यापर्यंतचा बर्फ कोणीतरी काढलेला असे. फक्त गुरुवारी. वाचनालयाच्या पायऱ्यांवर वाळू टाकलेली असे. एका संध्याकाळी दाराशी झाकून ठेवलेली ॲपल पाय मिळाली, गरम, चिठ्ठीशिवाय. तिला आधी वाटलं डेल; पण डेल तेव्हा कॅन्ससमध्ये होता, आणि असता तरी डेलला ॲपल पाय फक्त संपवता येत होती. मग चौथ्या बुधवारी मिसेस प्रटनी कुंपणावरून आपण होऊन विचारलं, "उद्या तो हिरवाच घालणार ना?"

"हो. का हो?"

"काही नाही. बरा दिसतो," असं म्हणून त्या लगबगीने आत गेल्या. नदीनने त्या दोन शब्दांवर दोन दिवस काढले. एका स्वेटरच्या जोरावर माणूस किती गावाचा होऊन जातो, असं तिला वाटलं. तो तिने दुसऱ्या दिवशी घातला. कोणी आलं नाही.

मग पुस्तकं परत यायला लागली आणि सातवं कलम उघडं पडलं. प्रत्येक पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. बेसबॉलचा माणूस हातात पेन्सिल असल्याशिवाय खेळ बघत नाही. प्रत्येक चेंडूची खूण वहीत मांडतो. तेव्हा पुस्तक वाचतानाही पेन्सिल खाली ठेवणं त्याला सुचतच नाही. सातव्या कलमात म्हटलं होतं, की शिफारस केलेल्या पुस्तकांच्या अवस्थेला शिफारस करणारी व्यक्ती जबाबदार राहील.

"म्हणजे?" नदीनने विचारलं.

मिसेस डॅकरमननी तिला खोडरबर दिलं. "गुरुवारी तशीही तू मोकळीच बसतेस ना," त्या म्हणाल्या. हे त्या प्रेमाने म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

तेव्हापासून नदीन खिडकीत बसून खोडू लागली, आणि खोडायचं म्हणजे आधी वाचणं आलं. एका पानावर लिहिलं होतं, "हा चेंडू डावीकडे नाही, उजवीकडे गेला होता. मी तिथे होतो. ले. ग्रू." खाली दुसऱ्या हाताने: "तू तिथे नव्हतास, तू सॉसेज आणायला गेला होतास." खाली पुन्हा पहिला हात: "सॉसेजच्या रांगेतून उजवी बाजूच दिसते." आणखी एकीकडे कोणी लिहिलं होतं, "या सामन्याला वडील मला शाळा बुडवून घेऊन गेले. परत येताना गाडी बंद पडली. वडील गाडीला बोलले ते आईला सांगितलं नाही, अजूनपर्यंत." त्याखाली: "मला माहीत आहे. आई." नदीन खोडरबर धरून तशीच बसली. सगळं गाव इथे गप्पा मारत होतं, चिडवत होतं, कबुल्या देत होतं. फक्त तिची खोली चुकली होती. तिने टेबल मांडलं होतं आणि माणसं पानात जमली होती.

'वरची खोली' मात्र जशी गेली तशी आली. पाच जणांनी नेलं, पाचांनी परत केलं, समास कोरे. एक टिंब नाही. ज्या गावाला वर्तमानपत्रातल्या पावसाच्या रकान्यातही चूक सापडते, त्याला आपल्या पुस्तकात भांडायलाही काही मिळू नये? हा अपमान तिला टोपणनावाने धुऊन काढावासा वाटला. एका संध्याकाळी तिने पेन्सिलीला टोक काढलंही होतं. पण स्वतःच लिहिलेलं गुरुवारी स्वतःच खोडायचं, या विचाराने तिने पेन्सिल ठेवून दिली.

सहाव्या गुरुवारी माळ्याचं पुस्तक परत आलं. त्यात खताच्या प्रकरणातल्या समासात चार-पाच निरनिराळ्या हातांचं असं लिखाण होतं:

"गुरुवारी आत कोणीही जाऊ नका. ले. ग्रू."

"सहमत. ती पहिल्यांदा बसली त्याच दिवशी आमच्या पिचरचं कोपर ऑपरेशनशिवाय बरं होईल असं डॉक्टर म्हणाले."

"दुसऱ्या गुरुवारी आमच्या नव्या खेळाडूचा करार झाला. लाल बाजूची सहमती."

"हिरवा स्वेटर, खिडकीची खुर्ची, एकटी. काही बदलू नका."

"बाळाचं काय?"

"बाळ पहिल्यापासून आहे. बाळ राहू द्या."

नदीनने ते दोनदा वाचलं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. समोरच्यांना एकही धड फटका मारू न देता पिचर निम्मा सामना काढतो, तेव्हा त्याचे साथी बाकावर त्याच्यापासून दूर सरकून बसतात. त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्याकडे बघत नाहीत, काय चाललंय त्याचा उच्चार करत नाहीत. बोललं की मोडतं. नशीब चालू असताना मोजेसुद्धा धुवायचे नसतात. हे सगळं नदीनला पाठ होतं. बारा वर्षांची असताना तिचा संघ पुढे गेला तेव्हा ती योगायोगाने कोरड्या न्हाणीच्या टबात बसलेली होती. मग ती अडीच तास तिथून हलली नाही आणि जेवण तिने तिथेच घेतलं. त्यामुळे तिला नुसतं रागावताही येईना. अपमान व्हावा आणि तो पटावा, याहून वाईट अवस्था नाही.

ती उठून मिसेस डॅकरमनकडे गेली. "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी लाल आहे गं," त्या म्हणाल्या. "पण तुझा अर्ज मी निःपक्षपातीपणेच हाताळला."

पुढच्या बुधवारी तिने डेलला फोन केला. तो नेब्रास्कातल्या मोटेलवर होता. "डेल, मी उद्यापासून वाचनालयात जाणार नाही."

मग डेल म्हणाला, "उद्यापासून म्हणजे, उद्या धरून?"

"हो."

"बरं नाहीये का तुला?"

"मला काही झालेलं नाही."

"नाही, तुझ्या मनासारखं कर तू," डेल म्हणाला. "फक्त उद्या त्यांच्या शॉर्टस्टॉपच्या गुडघ्याचा आणि आपल्या पिचरचा, दोघांचाही निकाल आहे. म्हणजे, परवापासून केलंस तर…"

तिने फोन ठेवला. ज्याच्याशी लग्न केलं तो माणूसही समासातलाच निघाला.

मग ती हॅटीला कडेवर घेऊन शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. मिसेस प्रटनी दार उघडलं, पण वीतभरच. मागे रेडिओ चालू होता. हवामान सांगत होता.

"मिसेस प्रट, उद्या दहा वाजता माझ्याकडे कॉफीला याल? वाचनालयात."

"असं विचारू नये, पोरी."

"मी विचारतेय."

"तू शुक्रवारी ये की माझ्याकडे," म्हातारी म्हणाली, आणि लगेच तिच्या कपाळाला आठी पडली. "नको. शुक्रवारचा गुरुवारवर काय परिणाम होईल सांगता येत नाही. मोसम सुरू होऊ दे. एप्रिलात बघू."

"मोसम सुरू झाल्यावर तर तुम्हाला मी आणखीच लागेन."

मिसेस प्रटनी दार आणखी बोटभर लोटलं.

"यादीचा दिवस सोडला तर इतक्या महिन्यांत तुम्ही माझ्याशी आपण होऊन एकदाच बोललात," नदीन म्हणाली. "त्या दोन शब्दांवर मी दोन दिवस काढले. मला वाटलं, स्वेटर खरंच बरा दिसतो." तिने हॅटीची टोपी सारखी करायला घेतली. ती सारखीच होती.

"स्वेटर बराच आहे," म्हातारी हळू म्हणाली आणि दार लागलं.

गुरुवारी नदीन गेली. बर्फ काढलेला होता, पायऱ्यांवर वाळू होती. कोणालाच नको असण्यापेक्षा एकटं बसण्यासाठी का होईना पण हवं असणं बरं, असं तिने स्वतःला समजावलं होतं. ते समजावणं पायऱ्यांपर्यंत टिकलं. खुर्चीत बसल्यावर तिला खोडरबर उचलवेना. बाहेरून माणसं मंद चालीने जात होती. समाधानी दिसत होती.

दहा वाजून वीस मिनिटांनी रस्त्यापलीकडे ग्रूबर वस्तरा हातात घेऊन दुकानाच्या दारात आले. मागून गिऱ्हाईकही आलं, अर्ध्या गालाला फेस. ते दोघं वाचनालयाच्या पायऱ्यांकडे बघत होते. पायऱ्यांवर मिसेस व्हायोला प्रट होत्या. एक हात कठड्यावर, दुसरा लाल टोपीवर. तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या, आणि ग्रूबरनी प्रार्थनेला धरतात तसे दोन्ही हात धरले, वस्तऱ्यासकट. मग त्या उरलेल्या पायऱ्या चढून आल्या, दार ढकललं आणि नदीनसमोरच्या खुर्चीत बसल्या.

"कॉफी दे," त्या म्हणाल्या. घोट घेतला. "पाणचट आहे."

"तीस कपांची आहे," नदीन म्हणाली. इतक्या दिवसांत काय काय बोलायचं हे तिने ठरवून ठेवलं होतं, ते सगळं आयत्या वेळी पळालं.

"ते खोलीवाल्या बाईचं पुस्तक तूच घातलंस ना? मला नाही आवडलं."

नदीनने खुर्ची पुढे ओढली. "का नाही आवडलं?"

"पोरं गेली की चादरी काढताना बरं वाटायचं म्हणते. हलकं वाटायचं म्हणते. खोटं बोलते ती." मिसेस प्रटनी कप बशीत ठेवला. "माझा नवरा हॅरल्ड गेला त्या उन्हाळ्यापासून मी रेडिओ बंद केलेला नाही. जानेवारीतसुद्धा नाही. हवामान ऐकते, डुकरांचे भाव ऐकते. हलकं वाटतं म्हणे."

"मग समासात का नाही लिहिलंत?"

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "ते काय समासात लिहायचं असतं?"

त्या दोघी बारापर्यंत बसल्या. कॉफी त्यांनी सहा कप संपवली, दोघींत मिळून. पुस्तकावरून चांगलं कडाक्याचं भांडण झालं. नदीन त्या बाईची बाजू घेऊन इतकी पेटली की मिसेस डॅकरमननी येऊन बोट ओठांवर ठेवलं. हॅटी मधेच झोपली, आणि ती श्वास घेतेय का हे बघायचं नदीन पहिल्यांदाच विसरली.

दुपारच्या बातम्यांत आलं: सेंट लुईच्या शॉर्टस्टॉपचा, म्हणजे मैदानातल्या मधल्या राखणदाराचा, गुडघा गेला, जुलैपर्यंत खेळणार नाही. आणि शिकागोच्या पिचरने दवाखान्यातून बाहेर पडताना चेंडू टाकायच्या हाताची दोन बोटं मोटारीच्या दारात चिरडून घेतली. एक तुमचा, एक आमचा. या बाबतीतही गावाला विषम काही मिळालं नाही.

पुढचं सांगायला नको. बेकरीत मिसेस प्रटचा नेहमीचा राय धान्याचा पाव "आत्ताच संपला" होऊ लागला, फळीवर चार दिसत असताना. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर जागाच जागा झाली. बर्फ काढणारा अदृश्य हात अदृश्य राहिला आणि बर्फ दृश्य झाला. डेल घरी आला तो चकार शब्द बोलला नाही. दोन दिवस नुसता बायकोकडे बघून उसासे टाकत राहिला. त्याने मग फावडं उचललं आणि दोन्ही घरांचा बर्फ काढला, तेही न बोलता. तेवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे.

"बेचाळीस वर्षं राहतेय मी इथे," पुढच्या गुरुवारी मिसेस प्रट खुर्चीत बसत म्हणाल्या. "आता तुझ्यासारखंच मलाही कोणी ओळखत नाही."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय तर. शॉर्टस्टॉप होता तो." त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. "सरक जरा. मला दिसत नाही."

बाहेरून माणसं जातच होती, पण आता नाकासमोर बघून. मिसेस प्रट एकेकाची ओळख करून देऊ लागल्या. हा पोस्टातला, याचं लग्न दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा त्याच बाईशी. ही दाताच्या डॉक्टरची बायको, हिला स्वतःचे दात नाहीत. हा ग्रूबरचा भाऊ, तो लाल आहे, म्हणून दोघं एकमेकांचे केस कापत नाहीत. इतके महिने बिननावाची चालत असलेली माणसं एकेक करून नावाची झाली. नदीन विचारत होती, "आणि तो?", "आणि ती?", आणि प्रत्येक वेळी उत्तर येत होतं.

मग काही वेळ रस्ता रिकामा राहिला. त्यानंतर कोपऱ्यावरून एक उंच, वाकलेला माणूस आला, डोक्याला गडद निळी-पिवळी टोपी. तो खिडकीपाशी मंद झाला नाही आणि भरभरही चालला नाही.

"तो कोण?"

"तो होय. त्याला सोड," मिसेस प्रट म्हणाल्या. "तो मिलवॉकीच्या संघाचा. धान्याच्या कोठारावर काम करतो. अकरा वर्षं झाली."

"कोणाशी बोलतो तो?"

"आता ते मला काय—" मिसेस प्रट थांबल्या. कप त्यांनी तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

नदीन उठली आणि तिने खिडकीच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं. माणूस थांबला. तिने हाताने खूण केली, आत या.

त्याने मागे वळून पाहिलं, ती कोणाला बोलावतेय ते. मागे रस्त्यावर कोणीच नव्हतं. खात्री करून घ्यायला त्याने दुसऱ्यांदा वळून पाहिलं.